काचेच्या मण्यांपासून व्यवसायापर्यंत: मराठवाड्यातील नवोदितांसाठी क्रमवार मार्गदर्शन

काच ज्योतीवर वितळवून मणी वळायचे, त्यांचे कानातले, माळा, बांगड्या करायच्या आणि हळूहळू त्यातूनच उपजीविका उभी करायची, असे मनात असलेल्या आपल्याकडच्या बहुतेक नवोदितांचा पहिला प्रश्न एकच असतो: अनुदान कोणत्या योजनेतून मिळेल? धाराशिव जिल्ह्यात राहून हा सगळा प्रवास केल्यानंतर माझे स्पष्ट मत असे झाले आहे की हा प्रश्न बराच नंतर यायला हवा. आधी टिकणारा मणी, मग त्याची खरी किंमत, मग कागदपत्रे, आणि कर्ज त्यानंतर, हा क्रम उलटा केला की यंत्रे घरात येतात, हप्ते सुरू होतात आणि विकण्यासारखा माल मात्र तयार नसतो.

आपल्या भागात काचेला गिऱ्हाईक नाही, ही समजूतही सुरुवातीलाच बाजूला ठेवावी. घरोघरच्या काळ्या पोतीचे मणी बहुधा काचेचेच असतात आणि कासाराकडे बांगड्या भरायला बायका आजही जातात. काच ओळखीची आहे. तिच्यासाठी जास्त पैसे मोजण्याची सवय नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या ही अडचण लक्षात ठेवून वाचाव्यात.

१. मणी घडवणार की ओवणार, हे ठरवा

हे दोन वेगळे व्यवसाय आहेत. तयार मणी आणून दागिने गाठवायचे असतील, तर उत्तर प्रदेशातील हाथरस जिल्ह्यातले पुरदिलनगर आणि बनारस ही काचमण्यांची जुनी केंद्रे आहेत. तिथला माल मुंबईच्या घाऊक बाजारात मिळतो आणि नांदेड-लातूरकडच्या लोकांना हैदराबादचा बेगम बाजारही जवळ पडतो. यात भांडवल कमी लागते आणि धोकाही कमी असतो, पण तोच मणी दुसऱ्या दहा जणांकडेही असतो. ज्योतीवर स्वतः मणी घडवायचा असेल, तर खर्च, शिकण्याचा काळ आणि जोखीम तिन्ही वाढतात, मात्र माल आपला राहतो.

माझा सल्ला असा की पहिला हंगाम तयार मण्यांवर काढावा. गाठ मारणे, तारेचा फासा वळणे, गिऱ्हाइकाशी बोलणे आणि हिशेब ठेवणे या चार गोष्टी त्यात शिकून होतात. गावातल्या पटवेकऱ्याकडे काही दिवस बसता आले तर अवश्य बसावे. गाठवण्याची जी सफाई त्याच्या बोटांत असते ती चित्रफिती पाहून येत नाही. जिल्ह्यातील ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत कृत्रिम दागिन्यांचा अभ्यासक्रम आहे का, याची चौकशी करावी; तिथले प्रशिक्षण मोफत असते, पण त्यात भर ओवण्या-गाठवण्यावर असतो, काच वितळवण्यावर नाही. काचेच्या तंत्राची माहिती हवी असल्यास फिरोजाबाद येथे काच उद्योग विकास केंद्र आहे. खासगी कार्यशाळेत शुल्क भरण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: मणी निववण्याची, म्हणजे घडवलेला मणी सावकाश थंड करण्याची, भट्टी तुमच्याकडे आहे का? नसेल तर तो वर्ग अर्धाच आहे.

२. जागा, ज्योत आणि साहित्य

लागणारे साहित्य पुढीलप्रमाणे:

- मेजावर बसवायचा बर्नर, त्याला साजेसा रेग्युलेटर, नळी, आणि ज्योत उलटी नळीत शिरू नये म्हणून बसवायची झडप
- गॅस, आणि ज्योतीचा ताप वाढवण्यासाठी ऑक्सिजन किंवा दाबाची हवा
- काचेच्या कांड्या
- स्टेनलेस स्टीलच्या सळया आणि त्यांना लावायचा मातीचा लेप, ज्यामुळे मणी सळईला चिकटून बसत नाही
- ग्रॅफाइटची पट्टी, चिमटे, टोकदार सळई
- डिडिमियमचा चष्मा
- तापमान नियंत्रक असलेली छोटी विद्युत भट्टी
- अग्निशामक, पाण्याची बादली, भाजल्यावर लागणारे औषध

साध्या काळ्या चष्म्याने डिडिमियमचे काम होत नाही. काचेतल्या सोडियममुळे ज्योतीत भडक पिवळा उजेड उठतो आणि त्यामागे मणी दिसेनासा होतो. डिडिमियमची काच नेमका तोच पिवळा रंग अडवते आणि वितळणारी कड स्वच्छ दिसू लागते.

घरगुती वापराचा १४.२ किलोचा सिलिंडर व्यवसायासाठी वापरणे नियमबाह्य आहे. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा किंवा सुरुवातीला ५ किलोचा छोटा घ्यावा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. वरची खिडकी उघडी आहे एवढ्यावर समाधान मानू नये, खाली उंबरठ्याजवळ वाट मोकळी हवी. ऑक्सिजनच्या जोडणीला तेल, ग्रीस किंवा तेलकट हात कधीही लावू नयेत. कारण शुद्ध ऑक्सिजनच्या संपर्कात तेल आपोआप पेट घेऊ शकते. हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे यंत्र वापरल्यास सिलिंडर भरून आणण्याचा त्रास वाचतो, मात्र ते विजेवर अवलंबून असते.

पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मे महिन्यांत दुपारी ज्योतीसमोर बसणे अशक्य होते आणि पंखा लावला की ज्योत हलते. पहाटे काम, दुपारी ओवणे आणि हिशेब, अशी उन्हाळ्याची विभागणी करावी. धूर ओढून घेणारा पंखा ज्योतीच्या मागच्या बाजूला असावा, डोक्यावर नसावा. काही लाल, केशरी आणि पिवळ्या काचांत कॅडमियम असते आणि त्यांची वाफ नाकाकडे येता कामा नये. अंगावर सुती कपडे, केस बांधलेले आणि पदर खोचलेला असावा. सळईवरचा वाळलेला लेप कोरडा खरवडू नये, पाण्यात भिजवून काढावा, म्हणजे त्याची धूळ छातीत जात नाही.

३. काच जुळवणे आणि निववणे

या व्यवसायात पैसा बुडतो तो प्रामुख्याने इथे.

काच तापल्यावर प्रसरण पावते आणि निवताना आकसते, आणि प्रत्येक प्रकारची काच वेगवेगळ्या प्रमाणात आकसते. हे प्रमाण प्रसरणांकाने सांगतात. मणीकामाची मऊ इटालियन काच १०४ अंकाची असते, प्रयोगशाळेतल्या भांड्यांची बोरोसिलिकेट काच साधारण ३३ अंकाची. या दोन काचा एकाच मण्यात आणल्या तर मणी फुटणारच. बाटल्यांच्या, खिडकीच्या किंवा फुटलेल्या बांगड्यांच्या काचेपासूनही मणी होतात, आणि ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणून ते विकायला छान वाटते. पण एका बाटलीची काच दुसऱ्या बाटलीशी जुळेलच असे नाही. अशा काचेचा मणी एकाच तुकड्यातून, एकाच रंगात करावा. ज्या कांडीचा अंक विक्रेता सांगू शकत नाही, ती कांडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

जुळणी तपासण्याची एक बिनखर्ची रीत आहे. बिघडलेल्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरची ध्रुवक (पोलरायझिंग) फिल्म काढून तिचे दोन तुकडे करावेत. एकावर एक ठेवून वरचा तुकडा फिरवत गेल्यास एका स्थितीत दोन्हींतून उजेड जाणे बंद होते. आता पारदर्शक काचेचा एक मणी करून त्यावर नव्या काचेचा एक ठिपका द्यावा, मणी नीट निववावा आणि या दोन तुकड्यांच्या मध्ये धरून मोबाइलच्या टॉर्चसमोर पाहावा. ठिपक्याभोवती पांढुरके तेजोवलय दिसले, तर तिथे ताण अडकलेला आहे. हा मणी आज फुटणार नाही. कदाचित महिन्याने, गिऱ्हाइकाच्या कानात असताना, थंडीतल्या एखाद्या पहाटे त्याचे दोन तुकडे होतील. वलय नसेल तर ती कांडी बिनधास्त वापरावी. नवी कांडी आली की आधी ठिपका, मग काम, हा नियम कधीही मोडू नये.

आता निववण्याविषयी. ज्योतीतून काढलेल्या मण्याची वरची साल आधी थंड होते, आतला गाभा नंतर. या तफावतीमुळे काचेत ताण राहतो. तो घालवण्यासाठी मणी ठरावीक तापमानावर काही वेळ राखून मग सावकाश खाली आणावा लागतो. १०४ अंकाच्या काचेसाठी ५०० ते ५२० अंश सेल्सियसच्या दरम्यान सुमारे तासभर राखावे, नंतर ताशी ६० अंशांच्या आसपास वेगाने ३७० अंशांपर्यंत उतरवावे आणि मग भट्टी बंद करून, दार न उघडता, ती आपोआप निवू द्यावी. मणी जाड असेल तर प्रत्येक टप्प्याला अधिक वेळ द्यावा. बोरोसिलिकेटसाठी राखण्याचे तापमान ५६५ अंशांच्या आसपास असते. आपल्याकडे अनेक जण सांगतात की मणी गरम राखेत पुरून ठेवला की झाले. राख, वाळू किंवा सिरॅमिक लोकर (ताप सहन करणारे तंतूंचे साहित्य) यांमुळे मणी एकदम तडकत नाही, एवढाच त्यांचा उपयोग. आतला ताण त्यांनी जात नाही. दिवसभराचे मणी सिरॅमिक लोकरीत थंड करून आठवड्यातून एकदा सगळे एकत्र भट्टीत हळूहळू चढवावेत आणि मग निववावेत, ही पद्धत विजेच्या दृष्टीनेही परवडते.

विजेचा प्रश्न आपल्याकडे खराच आहे. शेतीपंप सुरू झाले की दाब उतरतो, आणि भट्टी ५०० अंशांवर असताना वीज गेली तर घाबरून दार उघडले जाते. तसे करू नये. जाड भिंतींची भट्टी बंद राहिल्यास सावकाशच निवते. वीज परत आल्यावर पुन्हा राखण्याच्या तापमानापर्यंत चढवून पूर्ण आवर्तन पहिल्यापासून करावे; पुन्हा निववल्याने मण्याचे काही बिघडत नाही. भट्टी घेताना विटांची जाडी पाहावी आणि नियंत्रक टप्प्याटप्प्याने तापमान उतरवू शकतो का, हे विचारावे. प्रयोगशाळांना मफल भट्ट्या (बंद कप्प्याच्या विद्युत भट्ट्या) पुरवणाऱ्या व्यापाऱ्यांकडे लहान आकार मिळतात.

शेवटी मण्याचे भोक बोटाने तपासावे. दोन्ही टोके आत वळलेली, गुळगुळीत हवीत. कड धारदार राहिली तर दोरा आठवड्याभरात कापला जातो, आणि ‘माळ तुटली’ ही तक्रार प्रत्यक्षात त्या कडेची असते.

४. नमुने तयार करा

विक्रीला बसण्यापूर्वी एकाच ढंगाचे पंधरा-वीस नग करावेत. सगळे रंग, सगळे आकार एकदम मांडले की दुकान जत्रेतल्यासारखे दिसते आणि लक्षात काहीच राहत नाही. प्रेरणेसाठी मोबाइल धुंडाळण्याआधी तेरला जावे. तेर म्हणजे प्राचीन तगर. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनात पैठणसोबत त्याचा उल्लेख बाजारपेठ म्हणून येतो. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयात उत्खननात आणि परिसरात सापडलेल्या वस्तू आहेत, त्यांत मणीही आहेत. लोक तिथे संत गोरोबाकाकांच्या दर्शनाला येतात आणि संग्रहालय न पाहताच परततात, याचे मला नेहमी नवल वाटते. दोन हजार वर्षांपूर्वीचे आकार किती साधे होते हे एकदा पाहिले की आपल्या मण्यावरची निम्मी नक्षी आपण स्वतःच कमी करतो.

कानातल्यांचे हुक कशाचे आहेत हे स्वच्छ सांगावे. निकेलमुळे अनेकांच्या कानाला खाज येते. चांदीचा मुलामा असेल तर मुलामाच लिहावे, ‘चांदी’ लिहू नये.

५. किंमत काढा

समजा, एका कानातल्या जोडाचा खर्च असा आहे: काच २० रुपये, हुक आणि तार ३० रुपये, गॅस आणि वीज १५ रुपये, डबी आणि लेबल २५ रुपये, एकूण ९० रुपये. त्यात घडवणे, लेप काढणे, जोडणे मिळून पाऊण तास गेला आणि तासाची मजुरी १२० रुपये धरली, तर आणखी ९० रुपये. झाले १८०. दहा नगांत एक फुटतो असे गृहीत धरले, तर उरलेल्या नऊ नगांनी तो खर्च उचलायचा असतो, म्हणून १८० ला ०.९ ने भागून २००. त्यावर भाडे, प्रवास आणि नफा मिळून ३० टक्के धरले की घाऊक दर २६० रुपये होतो.

इथे नवोदितांचा हमखास सापळा आहे. दुकानदार ३५ टक्के मागतो म्हणून २६० वर ३५ टक्के चढवून ३५१ ही किंमत लावली जाते. पण दुकानदार त्याचे ३५ टक्के विक्रीच्या किमतीतून कापतो, आणि आपल्या हाती २२८ रुपयेच पडतात. योग्य रीत म्हणजे २६० ला ०.६५ ने भागणे; उत्तर ४०० येते. हाच ४०० चा दर प्रदर्शनातही ठेवावा. दुकानात ४०० आणि आपल्याकडे घरी ३०० असे झाले की दुकानदार पुढच्या वेळी माल ठेवत नाही, आणि त्याचे काही चुकत नाही.

मजुरी न धरणे ही आपल्याकडच्या, विशेषतः घरून काम करणाऱ्या बायकांच्या, हिशेबातली सर्वांत मोठी गळती आहे. ‘वेळ तर माझाच आहे’ असे म्हणून जो ९० रुपयांवर दर ठरवतो, त्याला मागणी वाढल्यावर मदतनीस ठेवताच येत नाही.

६. नोंदणी आणि कागदपत्रे

उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची शासकीय नोंदणी, आधार आणि पॅनवर, शासनाच्या संकेतस्थळावर, पूर्णपणे मोफत होते. शुल्क मागणारे संकेतस्थळ दिसले की ते शासनाचे नाही असे समजावे. दहापेक्षा कमी कामगार असतील तर २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार केवळ ऑनलाइन सूचना द्यावी लागते. ती पावती बँकेत चालू खाते उघडताना उपयोगी पडते. वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या हस्तशिल्प विकास आयुक्तांकडून मिळणारे कारागीर ओळखपत्र अवश्य काढावे, कारण हस्तशिल्पांच्या शासकीय प्रदर्शनांत अर्ज करताना ते मागितले जाते.

जीएसटीबाबत गोंधळ फार आहे. केवळ वस्तूंची विक्री करणाऱ्यांना महाराष्ट्रात वार्षिक ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी बंधनकारक नाही. राज्याबाहेर विक्री केल्यास ती एरवी लागते. हाताने घडवलेल्या, अधिसूचनेतील यादीत बसणाऱ्या हस्तशिल्पांना त्यातून अटींसह सूट आहे. ऑनलाइन बाजारमंचांवर, ऑक्टोबर २०२३ पासून, नोंदणी नसलेले छोटे विक्रेते नावनोंदणी क्रमांक घेऊन आपल्या राज्यापुरती विक्री करू शकतात. कृत्रिम दागिन्यांवर ३ टक्के कर आहे, तर काचेच्या बांगड्या करमुक्त आहेत. म्हणून बिल करताना दोन्हींचे कर-वर्गीकरणाचे कोड वेगळे लिहावेत. आपला माल नेमक्या कोणत्या नोंदीत बसतो, हे कर सल्लागाराकडून एकदा लेखी घेतलेले बरे.

डबीबंद मालावर निर्मात्याचे नाव-पत्ता, वस्तूचे नाव, नगसंख्या, निर्मितीचा महिना व वर्ष, सर्व करांसह किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो. नाव जपायचे असेल तर दागिन्यांसाठी व्यापारचिन्हाचा वर्ग १४ आहे. विजेबाबत महावितरणच्या शाखा कार्यालयात आधीच विचारणा करावी. घरगुती जोडणीवर व्यवसाय चालवल्यास नंतर दंडाचे बिल येऊ शकते.

७. कर्ज आणि अनुदान

इथवर आल्यावर आपल्याकडे पहिल्या हंगामापासूनच्या विक्रीच्या नोंदी असतात, आणि बँक अधिकाऱ्यासमोर त्यांचे वजन पडते. मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत कर्ज मिळते. एक भट्टी आणि बर्नर यांसाठी तेवढे पुरते. त्याहून मोठा प्रकल्प असेल तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम किंवा राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम पाहावा. दोन्हींत अनुदान प्रवर्ग आणि ठिकाणानुसार १५ ते ३५ टक्के असते, आणि महिलांना विशेष प्रवर्गाचा लाभ मिळतो. चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करावी. प्रकल्प अहवाल कसा लिहायचा हे शिकायचे असेल तर महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचे मुख्यालय छत्रपती संभाजीनगरलाच आहे.

अर्जासोबत आधार, पॅन, शाळा सोडल्याचा दाखला, शैक्षणिक गुणपत्रक, अधिवास आणि लागू असल्यास जातीचा दाखला, ग्रामीण भागासाठी लोकसंख्येचा दाखला, यंत्रांची दरपत्रके आणि प्रकल्प अहवाल लागतो. दरपत्रक म्हणजे बिल नव्हे. मंजुरीपूर्वी यंत्र खरेदी करून नंतर अनुदान मागता येत नाही.

विश्वकर्मा योजनेत नाव घालून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहावे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या त्या योजनेत १८ व्यवसाय आहेत. त्यांत सोनार आणि माळा करणारे फुलारी आहेत, काचेचे मणी घडवणारे नाहीत. खोट्या व्यवसायाखाली अर्ज केल्यास पडताळणीत तो बाद होतो आणि दिलेले पैसे परत येत नाहीत.

८. विक्री कुठे आणि केव्हा

तुळजापूरचे नवरात्र किंवा माळेगावची यात्रा पाहून मोह होतो, कारण गर्दी अफाट असते. मात्र तिथे येणारा माणूस प्रवासखर्च, परडी, प्रसाद आणि मुलांची खेळणी यांत खिसा मोकळा करतो. ४०० रुपयांचे कानातले तिथे चालत नाही. संभाजीनगरातील प्रदर्शने, वेरूळ-अजिंठ्याला येणाऱ्या पर्यटकांची हॉटेले आणि हिमरू-पैठणी विकणारी दुकाने अधिक बरी. पैठणीच्या रंगांना जुळणारे मणी दुकानदाराला सोबत विकता येतात. पर्यटकांवर विसंबताना अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते, हे लक्षात ठेवून फेऱ्या ठरवाव्यात.

खेड्यांत आणि तालुक्यांत सोयाबीनचा पैसा हातात आला की दिवाळीपासून खरेदी सुरू होते आणि तुळशीच्या लग्नानंतर लगीनसराई लागते. त्यासाठीचा माल पावसाळ्यात घडवून ठेवावा. उधारी मात्र कुणालाही, अगदी पाहुण्यांनाही, देऊ नये.

छायाचित्रे सकाळच्या उजेडात, खिडकीजवळ, मण्यामागे पांढरा कागद धरून काढावीत. संध्याकाळच्या उन्हात निळा मणी हिरवट दिसतो आणि माल परत येतो.

९. पाठवणी आणि फूट

प्रत्येक दागिना स्वतंत्र गुंडाळावा, मणी एकमेकांना लागणार नाहीत असा. भरलेला खोका कमरेच्या उंचीवरून फरशीवर प्रत्येक बाजूने टाकून पाहावा आणि आत खुळखुळ आली तर पुन्हा भरावा. बंद करण्यापूर्वी आतल्या मालाचे छायाचित्र घ्यावे.

‘काच आहे, फुटली तर?’ हा प्रश्न रोज येईल. त्याचे उत्तर डबीतल्या कागदावर छापलेले असावे: पोहोचताना फुटल्यास छायाचित्र पाठवावे, बदलून मिळेल, आपोआप तडकल्यास सहा महिन्यांपर्यंत बदलून मिळेल, हातून पडून फुटल्यास अर्ध्या किमतीत दुसरा मणी घालून दिला जाईल. परत आलेला प्रत्येक तुकडा फेकण्यापूर्वी ध्रुवक फिल्ममधून पाहावा आणि कांडीचा रंग, भट्टीची तारीख आणि तडा कुठून गेला हे वहीत लिहावे. एकाच तारखेचे तीन तुकडे परत आले, तर त्या दिवशीच्या भट्टीतला उरलेला सगळा माल विक्रीतून काढून पुन्हा निववावा.